पाकिस्तानची शहरे : न जाता, न पाहता, अधिकारवाणीने

हा अभ्यासक्रम कोणासाठी? 'पाकिस्तानचं एकदा काय ते करून टाकायला हवं' हे वाक्य ज्यांना सकाळच्या चहाबरोबर ठणकावून म्हणता येते, पण समोरच्याने 'म्हणजे नक्की कुठे?' असे विचारले की ज्यांचा कप मुकाट्याने बशीत उतरतो, अशा सर्वांसाठी. प्रवेशपरीक्षा एका प्रश्नाची आहे: पाकिस्तानातली दहा शहरे सांगा. कराची, लाहोर, इस्लामाबाद, रावळपिंडी ही चार कोणीही घडाघडा सांगतो. पेशावर जरा थांबून येते. सहाव्याला उमेदवार छताकडे बघतो आणि 'शारजा' म्हणतो. शारजा म्हणणाऱ्यांना थेट प्रवेश आहे. नवशिके म्हणतात ते यांनाच.

पूर्वतयारी

घाबरून जाऊ नका. निम्मा अभ्यास दूरदर्शनने तुमच्याकडून आधीच करून घेतला आहे. १९८९ च्या हिवाळ्यात वांद्र्याच्या साहित्य सहवासातला एक सोळा वर्षांचा मुलगा दौऱ्यावर गेला आणि त्याच्या मागोमाग सगळा महाराष्ट्र चार शहरे हिंडून आला: कराची, फैसलाबाद, लाहोर, सियालकोट, कसोट्यांच्या याच क्रमाने. कराचीला पदार्पण. लाहोरला संजय मांजरेकरच्या २१८ धावा. सियालकोटला वकार युनूसचा चेंडू पोराच्या नाकावर बसला, रक्त आले आणि पोरगा हटला नाही. शिवाय पेशावर वरकड मिळाले; तिथल्या प्रदर्शनीय सामन्यात त्याने अब्दुल कादिरला षटकारांवर षटकार मारले. तेव्हा सियालकोट म्हटले की नाक आणि पेशावर म्हटले की कादिर, ही डोक्यात पक्की बसलेली जोडी पुसायला जाऊ नका. पुढची सगळी इमारत तिच्यावरच उभी राहायची आहे.

मुलतानचे प्रकरण निराळे. मार्च २००४. जगाच्या दृष्टीने मुलतान म्हणजे सेहवागच्या ३०९. मराठी माणसाच्या दृष्टीने मुलतान म्हणजे १९४, आणि पॅव्हेलियनमधून आलेला डाव सोडल्याचा इशारा. त्यामुळे गप्पांत मुलतानचे नाव निघाले तर एक सुस्कारा सोडावा, 'सहा धावा हो, फक्त सहा' असे म्हणावे आणि खिडकीबाहेर बघावे. याहून अधिक माहितीची अपेक्षा तुमच्याकडून कोणी करणार नाही. तरीही कोणी खोदून विचारलेच, तर सुफींचे दर्गे, त्यांवरच्या निळ्या फरशा, सोहन हलवा आणि चौसा आंबा एवढे सांगितले की पुरे. जिच्या पुड्या तुमच्या घरात तोंडाला लावायला आणल्या जातात ती मातीही याच गावाच्या नावाची. एका जुन्या फारसी म्हणीत मुलतानची देणगी म्हणून चार गोष्टी येतात: धूळ, उकाडा, भिकारी आणि कबरस्ताने. मुलतानी लोक स्वतःच ही म्हण पाहुण्याला ऐकवतात आणि वर चौसा कापून देतात. चौसा हापूसच्या वरचढ आहे असे त्यांचे मत आहे. ते देवगडच्या बाजूला बोलून दाखवू नये.

कराची

मुंबईकराने इथून सुरुवात करावी, म्हणजे आत्मविश्वास येतो. १८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने सिंध घेतला, तो १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि थेट १९३६ पर्यंत तिथेच राहिला. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे पुणे, धारवाड आणि कराची एकाच गव्हर्नरच्या दप्तरात होती. सिंधचा कमिशनर बार्टल फ्रिअर पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. कराचीने त्याच्या नावाने फ्रिअर हॉल बांधला. मुंबईने त्याच्या नावाने कारंजे बांधायला घेतले, ते शेवटी रोमन देवतेच्या नावावर गेले आणि फ्लोरा फाउंटन झाले. सिंधमधली पहिली सरकारी शाळा निघाली १८५५ मध्ये, आणि ती आज ज्याच्या नावाने ओळखली जाते तो शिक्षणखात्यातला अधिकारी होता नारायण जगन्नाथ वैद्य. कराचीत त्या शाळेला 'एनजेव्ही' म्हणतात. आद्याक्षरांमागे मराठी माणूस दडला आहे हे किती जणांना ठाऊक असेल, देव जाणे. मराठी बोलणारी काही कुटुंबे आजही तिथे आहेत. ती गणपती बसवतात आणि समुद्रात विसर्जन करतात. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी टपालाच्या थैल्या घेऊन पहिले विमान कराचीहूनच उडवले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरवले. आणि कराचीत जिनांची जी पांढरीशुभ्र कबर आहे, तिचा आराखडा याह्या मर्चंट या मुंबईच्या वास्तुविशारदाने केला. हा तपशील हळूच, दुसऱ्या चहाच्या वेळी काढावा. पहिल्याच चहाला काढला तर लोक आपल्याकडे संशयाने बघू लागतात.

आता मुख्य धडा: कराचीत पत्ता कसा सांगतात. सरकारी नाव घेतले की तुम्ही परके ठरलात. एम. ए. जिना रोड असे पाटीवर असले तरी जुना माणूस बंदर रोडच म्हणतो. मोठ्या नाक्याला चौरंगी म्हणायचे आणि मग पुढचे सगळे न हसता पाठ करायचे: नागन चौरंगी, अंडा मोड, कटी पहाडी, डिस्को बेकरी, मच्छर कॉलनी. कोणी शांतपणे 'मी गोलीमारला राहतो' असे सांगितले तर दचकू नये. त्या भागाचे नाव सरकारने बदलून गुलबहार केले आहे, पण फुलांच्या बहारीत राहायला कोणी तयार नाही. 'तीन तलवारला भेटू' हे द्वंद्वाचे आव्हान नव्हे. ते क्लिफ्टनमधले स्मारक आहे आणि जवळच दोन तलवारही आहे, तेव्हा आकडा नीट ऐकून घ्यावा. भैंस कॉलनीत मात्र खरोखरच म्हशी आहेत, हजारोंनी, आणि शहराचे बरेचसे दूध तिथूनच येते. या यादीतले एवढे एकच नाव अक्षरशः घ्यावे.

कराचीकराशी मैत्री करायची तर तीन विषय पुरतात: पाण्याचा टँकर, लोडशेडिंग आणि जनगणना. टँकर न आल्याच्या कहाणीला मान डोलवावी. विजेच्या तारेवर आकडा टाकण्याला तिथे कुंडा म्हणतात, हा शब्द सहज वापरला तर तुमच्याकडे आदराने बघितले जाईल. जनगणनेचा विषय मात्र जेवण झाल्यावर काढावा. २०१७ मध्ये कराचीची लोकसंख्या १ कोटी ६० लाख निघाली तेव्हा शहराने संतापून विचारले, 'बाकीचे आम्ही कुठे गेलो?' २०२३ च्या मोजणीत आकडा २ कोटींच्या वर गेला. राग कायम आहे. स्वतःच्या शहराला कराचीकर दिवसभर शिव्या घालतो. त्यात चुकूनही सूर मिळवू नये. तो मान फक्त त्याचा, आणि लाहोरकराने तो घेतला तर हाणामारी ठरलेली.

भांडणाचे मूळ पुष्कळदा बिर्याणीत सापडते. कराचीची बिर्याणी झणझणीत आणि तिच्यात बटाटा. लाहोरात मिळते तो रंग लावलेला पुलाव, असे कराचीचे ठाम म्हणणे. पाकिस्तानातली सर्वांत गाजलेली मसाल्याची पुडी कराचीतल्या शान कंपनीची, आणि तिच्यावर नाव काय, तर बॉम्बे बिर्याणी. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत शनिवारी शिजते ती बहुतेक हीच. पुडीच्या मागच्या बाजूला 'मेड इन' पुढे काय लिहिले आहे हे पाहुण्यांना वाचून दाखवायचे की नाही, हे यजमानाच्या धीरावर सोडलेले बरे.

लाहोर

लाहोर पाहिले नाही तो जन्मालाच आला नाही, अशी पंजाबीत म्हण आहे. लाहोरकर भेटला की पहिल्या पाच मिनिटांत ती ऐकवणारच. त्या हिशेबाने तुमचा जन्म अजून व्हायचा आहे हे मान्य करून टाकावे, वाद घालू नये. वाद घातला तर तो तुम्हाला जेवायला नेतो. मान्य केले तरी नेतोच, पण मग सकाळीच नेतो: हलवा-पुरी, निहारी, पाये, आणि या सगळ्याला नाश्ता म्हणतात. बादशाही मशीद, किल्ला, शालिमार बाग ही नावे घ्यावीत आणि पुढे सरकावे. तेवढे सगळ्यांनाच येते.

दरवाज्यांवर मात्र थोडा वेळ काढा. जुन्या तटबंदीच्या लाहोरला बारा दरवाजे आणि एक मोरी, असे तेरा मोजतात. ज्या दरवाज्यातून दिल्लीकडे वाट निघते तो दिल्ली दरवाजा. लाल किल्ल्याच्या ज्या दरवाज्यातून लाहोरकडे वाट निघते तो लाहोरी दरवाजा, आणि त्याच्याच वरच्या तटावरून आपले पंतप्रधान दर पंधरा ऑगस्टला भाषण करतात. इथवर सगळे सरळ आहे. पण लाहोरलाही एक लाहोरी दरवाजा आहे. लाहोरात उभे राहून लाहोरी दरवाजा कशाला, हा प्रश्न नवशिक्याने मनातच ठेवावा.

मराठी माणसाला लाहोरात हक्काने बोलण्यासारखे एक वर्ष आहे, १७५८. त्या एप्रिलात राघोबादादांची फौज लाहोरात शिरली आणि पुढे सिंधूकाठच्या अटकेपर्यंत गेली. तेव्हापासून आपण सोसायटीच्या निवडणुकीत खजिनदार झालो तरी अटकेपार झेंडे लावतो. झेंडे अजून आहेत का, हे पाहून येण्याची फार हौस असेल तर लक्षात ठेवा: आजचे अटक शहर म्हणजे इंग्रजांनी वसवलेले कॅम्पबेलपूर, त्याला अटक हे नाव १९७८ मध्ये मिळाले. अकबराचा किल्ला तिथे नाहीच. तो तिथून दूर, नदीकाठच्या अटक खुर्दला. हो, खुर्दच, आपल्या सातबाऱ्यावर असते तेच. आणि किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने आत सोडत नाहीत.

हक्काचे वर्ष बोलून झाले की लाहोरकर तुम्हाला मॉल रोडवर संग्रहालयापुढे नेईल. तिथे रस्त्याच्या मधोमध चौथऱ्यावर एक तोफ आहे, जमजमा. तांब्या-पितळेची, चौदा फुटांहून लांब, अंगभर फारसी अक्षरे. १७५७ मध्ये इथेच, लाहोरात ओतलेली. हिच्यासाठी धातू म्हणून घराघरांतली भांडी गोळा केली होती, असे सांगतात. तुमच्या १७५८ नंतर तीनच वर्षांनी ही तोफ अहमदशहा अब्दालीने पानिपतावर आणली. पुढे ती भंगी मिसलीच्या शिखांकडे गेली, म्हणून लाहोर तिला भंगियांवाली तोप म्हणते. दोन्ही बाजूंनी गाड्या भरधाव जात असतात आणि तोंड वासून ती तिथे बसलेली असते. इथे काय बोलायचे याचा तयार नमुना या पुस्तिकेत दिलेला नाही. संग्रहालयाचा एक क्युरेटर लॉकवुड किपलिंग आधी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होता, अशी माहिती देऊन विषय बदलता येतो.

शादमान चौकात मात्र विषय बदलू नये. लाहोरचे मध्यवर्ती कारागृह इथे होते. २३ मार्च १९३१ च्या संध्याकाळी भगतसिंग, सुखदेव आणि खेडचे शिवराम हरी राजगुरू यांना इथेच फाशी दिली. तुरुंग गेला, त्या जागी वस्ती झाली आणि उरला एक गजबजलेला चौक. त्या तारखेला काही लाहोरकर तिथे मेणबत्त्या घेऊन जमतात. चौकाला भगतसिंगांचे नाव द्यावे ही मागणी बरीच वर्षे चालू आहे, तिला विरोधही आहे आणि कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत. आपण अख्ख्या खेडचे राजगुरुनगर केले, तिथे एका चौकाचे होत नाही.

तसे नावे बदलण्यात लाहोर मागे नाही. कृष्णनगरचे इस्लामपुरा झाले, धरमपुऱ्याचे मुस्तफाबाद झाले. रिक्षावाल्याला सांगताना मात्र जुनीच नावे चालतात. लक्ष्मी चौक लक्ष्मी चौकच राहिला, तिथल्या कढाईला लक्ष्मीचे वावडे नाही. आणि सर गंगाराम! लाहोरचे पोस्ट ऑफिस, संग्रहालय आणि निम्म्या मोठ्या इमारती बांधणारा हा इंजिनियर. मुंबई सोडून लाहोरला गेलेल्या मंटोने त्याच्यावर इवलीशी गोष्ट लिहिली आहे: जमाव गंगारामच्या पुतळ्यावर तुटून पडतो, तेवढ्यात पोलीस गोळीबार करतात, आणि जखमीला नेतात कुठे, तर गंगाराम हॉस्पिटलात. ते हॉस्पिटल लाहोरात अजून त्याच नावाने चालू आहे. दिल्लीतही त्याच नावाचे एक आहे. तेव्हा 'गंगारामला ॲडमिट केलंय' असे ऐकले तर आधी देश विचारून घ्यावा.

इस्लामाबाद आणि पिंडी

इस्लामाबाद लवकर आटोपते. कराची राजधानी नको म्हणून अयूब खानाने १९६० च्या दशकात नवे शहर वसवायला घेतले, डॉक्सिआडिस नावाच्या ग्रीक आखणीकाराने पट्टी लावून चौकोन पाडले आणि चौकोनांना एफ-६, जी-७, आय-८ अशी नावे दिली. प्रत्येक चौकोनाचे चार तुकडे, मध्यभागी बाजार, त्याला म्हणायचे मरकज. हिरवीगार मार्गला टेकडी, तंबूच्या आकाराची फैसल मशीद, रुंद रस्ते, रात्री सामसूम. इस्लामाबाद सुंदर आहे आणि पाकिस्तानपासून फार दूर नाही, असा विनोद तिथलेच लोक करतात.

नवशिक्याला इस्लामाबादचा खरा उपयोग बातम्या वाचताना होतो. आपल्याकडे 'मातोश्री नाराज' किंवा 'सिल्व्हर ओकवर खलबते' असे छापून आले तर घर नाराज झाले असे कोणी समजत नाही. तसेच हेही. 'इस्लामाबाद' म्हणजे सरकार. 'पिंडी' म्हणजे शेजारच्या रावळपिंडीतले लष्कराचे मुख्यालय. 'आबपारा' हा इस्लामाबादचा एक बाजार, पण बातमीत आला की गुप्तहेर खाते. 'बनी गाला' म्हणजे इम्रान खान, 'रायविंड' म्हणजे शरीफ कुटुंब, 'बिलावल हाउस' म्हणजे झरदारी. एवढे पाठ केले की 'इस्लामाबादने प्रस्ताव ठेवला, पिंडी गप्प' या ओळीचा अर्थ तुम्हाला कळू लागेल, आणि प्रस्तावाचे पुढे काय झाले हे वाचायची गरज उरणार नाही.

पिंडी म्हणजे शोएब अख्तर एवढ्यावर थांबू नका. याच शहराच्या एका बागेत १९५१ मध्ये पहिल्या पंतप्रधानाला, लियाकत अली खानांना, गोळी घातली. बागेला त्यांचे नाव दिले. २००७ मध्ये त्याच लियाकत बागेतली सभा संपवून निघताना बेनझीर भुट्टो मारल्या गेल्या. त्यांच्या वडिलांना १९७९ मध्ये फाशी झाली तीही पिंडीच्या तुरुंगात. तीन पंतप्रधान आणि गाव एकच.

बाकीची

फैसलाबाद म्हणजे पूर्वीचे लायलपूर. मधोमध घंटाघर, त्यातून आठ दिशांना आठ बाजार, वरून पाहिले तर ब्रिटिश झेंडा. लायल साहेबाचे नाव काढून सौदी राजा फैसलचे दिले, झेंडा तेवढा जमिनीवर तसाच राहिला. कापडगिरण्यांचे गाव. तिथली माणसे तोंडाची भारी तिखट. हजरजबाबी टोमण्याला तिकडे जुगत म्हणतात. इचलकरंजीकराचे आणि फैसलाबादकराचे सुताच्या भावावरून छान जमावे.

सियालकोटबद्दल आता नाकापलीकडे थोडे. जगभरच्या फुटबॉलांपैकी पुष्कळसे इथे बनतात. २०१४ आणि २०२२ च्या विश्वचषकांचे चेंडूही इथे बनले. डॉक्टरांचे कात्री-चिमटेही इथलेच. सरकार विमानतळ देईना म्हणून इथल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून स्वतःचा बांधला आणि पुढे विमान कंपनीही काढली. फाळणीत सियालकोटहून निघालेल्या कारागिरांनी जालंधरला खेळसाहित्याचा धंदा उभा केला. तुमच्या सोसायटीतल्या पोराच्या बॅटवर जालंधर लिहिलेले असेल, तर तिची वंशावळ तुम्हाला आता सांगता येईल.

क्वेट्टा: सुकामेवा, थंडी, १९३५ चा भूकंप. आणि कराचीत जागोजागी दिसणारी 'क्वेट्टा हॉटेल' नावाची चहाची दुकाने, ज्यांत दूध आणि गप्पा दोन्ही घट्ट.

पेशावरात किस्साख्वानी बाजारात दिलीपकुमारचे घर आणि जवळच कपूरांची हवेली. दोन्ही वास्तूंची दुर्दशा, दोन्हींवर सरकारी वारशाची मोहर. युसूफ खानचे, म्हणजे दिलीपकुमारचे, वडील फळांचे व्यापारी. कुटुंब नाशिकजवळ देवळालीला आले आणि पोरगा उत्तम मराठी बोलू लागला. तेव्हा पेशावर हे कादिरचे गाव नाही, हे आता मनाला समजवावे. कादिर लाहोरचा. त्याला पेशावरात फक्त मार पडला.

हैदराबाद

शेवटी मुद्दाम ठेवलेले शहर. हैदराबाद दोन आहेत, आणि सिंधमधले बांगड्यांसाठी प्रसिद्ध. चारमिनारजवळही बांगड्याच, त्यामुळे ही खूण उपयोगाची नाही. खूण सांगतो ती बेकरीची. सिंधच्या हैदराबादेत १९११ मध्ये थडानी नावाच्या सिंधी हिंदू कुटुंबाने काढलेली बॉम्बे बेकरी आहे. तिथल्या कॉफी केकसाठी लोक रांग लावतात. आपल्या हैदराबादेत फाळणीत आलेल्या खानचंद रामनानी या सिंधी गृहस्थांनी १९५३ मध्ये काढलेली कराची बेकरी आहे, तिची फ्रूट बिस्किटे तुम्ही खाल्ली आहेत. म्हणजे पाटीवर मुंबई असेल तर आपण पाकिस्तानात आहोत आणि पाटीवर कराची असेल तर भारतात. दोन्ही देशांत ताणले गेले की आपल्याकडच्या बेकरीपुढे काही उत्साही मंडळी नाव झाका म्हणून जमतात. त्यांना हा पाठ फुकट द्यावा.

प्रात्यक्षिक

आता प्रत्यक्ष जायचे. एप्रिल २०२५ मध्ये अटारीचे फाटक बंद झाले आणि व्हिसाही थांबले, तेव्हा हा पाठ कागदावरच करायचा आहे. कागद समजून घ्या. भारतीयाला पाकिस्तानचा व्हिसा मिळत नाही, शहरांचा मिळतो. अर्जात गावे लिहायची, मंजूर होतील तेवढ्याच गावांत पाऊल टाकायचे आणि पोहोचल्यापासून चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद करायची. इकडे येणाऱ्या पाकिस्तान्यालाही हाच नियम: मुंबईचा शिक्का असेल तर मावशी पुण्यात असली तरी त्याने लोणावळ्याच्या अलीकडूनच हात हलवायचा. म्हणून गावे नीट विचार करून लिहावीत. लाहोर लिहिले तर कसूर येत नाही, पिंडी लिहिली तर इस्लामाबाद येत नाही, दोन्हींच्या मध्ये रस्ताच असला तरी. अटक लिहू नये, किल्ल्यात सोडत नाहीत हे सांगितलेच आहे, आणि मुक्कामाचे कारण या रकान्यात 'झेंडे' लिहिता येत नाही. हैदराबाद लिहिले तर पुढे सिंध असे ठळक अक्षरांत लिहावे, नाहीतर खिडकीतला कारकून तुम्हाला नामपल्लीचे रेल्वे तिकीट काढायला सांगेल.